ऑटो-इंडेंटनंतर विस्कटलेल्या कमेंट्स आवरायच्या कशा

जुनी, दोन-तीन हजार ओळींची फाइल उघडायची, सगळं सिलेक्ट करायचं आणि इंडेंटची (ओळी आपोआप योग्य खोलीवर सरकवण्याची) कळ दाबायची. पापणी लवायच्या आत कोड रांगेत उभा राहतो. मग वर-खाली स्क्रोल करताना लक्षात येतं की कमेंट्सची, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांची, दाणादाण उडालीय. ब्लॉक कमेंटची पहिली ओळ आत सरकलीय आणि बाकीच्या जुन्या जागीच लोंबतायत. ओळीच्या शेवटच्या टिपा कुठे अठ्ठाविसाव्या कॉलमात, कुठे पंचेचाळिसाव्या. कुणीतरी मेहनतीने काढलेल्या आकृतीचा तर सलग परिच्छेद झालाय.

यात टूलचा फारसा दोष नाही. भाषेच्या व्याकरणात कमेंटला जागाच नसते. कंपायलर तर ती वाचल्या वाचल्या टाकून देतो. फॉरमॅटरला (कोडची मांडणी आपोआप लावणाऱ्या टूलला) ती टाकता येत नाही, पण ती नेमकी कुणाबद्दल आहे हेही त्याला कळत नाही. मग वरच्या ओळीला चिकटवायची की खालच्या, हे तो अंदाजाने ठरवतो. तो अंदाज चुकला की दुरुस्ती माणसालाच करावी लागते. म्हणून हे काम दिसतं रंगरंगोटीचं, पण प्रत्यक्षात असतं वाचनाचं: कमेंट कुणाची आहे ते ओळखायचं आणि तिला तिथे नेऊन बसवायचं.

आधी यंत्राचं काम वेगळं ठेवा

काहीही हाताने सुधारायच्या आधी टूलने केलेला बदल जसाच्या तसा स्वतंत्र कमिट करा, म्हणजे गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये नोंदवा. त्यात तुमचा एकही स्पेस नको. संदेशात टूलचं नाव, आवृत्ती आणि चालवलेली आज्ञा लिहा, म्हणजे तोच बदल दुसऱ्या कुणालाही पुन्हा करून पडताळता येईल. हाताची सफाई दुसऱ्या कमिटमध्ये जाईल. हे दोन्ही एकत्र केलं तर रिव्ह्यू करणाऱ्याला तीन हजार बदललेल्या ओळींतून तुमच्या चाळीस शोधाव्या लागतात. तो त्या शोधत नाही, सरळ मंजुरी देऊन मोकळा होतो.

आधीच मिसळ झाली असेल तर निस्तरणं अवघड नाही. तुमची सुधारलेली फाइल बाजूला कॉपी करून ठेवा, मूळ आवृत्तीवर परत या, टूल पुन्हा चालवा, कमिट करा आणि मग बाजूला ठेवलेली फाइल त्यावर आणा. आता डिफमध्ये, म्हणजे दोन आवृत्त्यांमधल्या फरकांच्या यादीत, फक्त तुमचे बदल उरतील.

मग डिफ दोनदा वाचा

पहिल्यांदा गिट डिफ ‘डॅश डब्ल्यू’ लावून बघा. हा पर्याय ओळीतल्या स्पेस-टॅबचे फरक लपवतो, पण ओळी कुठे तुटल्या आणि कुठे जोडल्या गेल्या ते लपवत नाही. म्हणजे नुसत्या सरकलेल्या ओळी गायब होतात आणि जिथे टूलने कमेंटचा मजकूर नव्याने ओळींत बसवला, किंवा कमेंट उचलून दुसरीकडे नेली, तेवढ्याच जागा समोर येतात. मोठ्या फाइलमध्येही ही यादी सहसा आटोक्यातली असते, आणि जास्तीत जास्त नुकसान तिथेच झालेलं असतं.

दुसऱ्यांदा तो पर्याय काढून पूर्ण डिफ बघा, पण नजर फक्त कमेंटच्या ओळींवर ठेवा. चुकीच्या खोलीवर गेलेल्या कमेंट्स याच वाचनात सापडतात. पहिल्या वाचनात त्या लपलेल्या होत्या.

यंत्र वाचतं त्या कमेंट्स

सुरुवात इथून करा, कारण इथली चूक दिसायला क्षुल्लक असते आणि परिणाम मात्र खरा असतो. कमेंटच्या वेषातल्या बऱ्याच ओळी प्रत्यक्षात कुठल्या ना कुठल्या प्रोग्रामला दिलेल्या सूचना असतात. त्यांची जागा, त्यातला एखादा स्पेस, सगळ्याला अर्थ असतो.

स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी, हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ म्हणजे शेबँग. ती फाइलच्या अगदी पहिल्या दोन बाइट्सपासून सुरू व्हायला हवी. मी एकदा ‘हॅशनंतर एक स्पेस हवा’ असा साधा रेगेक्स (मजकूर शोधून बदलायचा नमुना) लिहून चाळीसेक स्क्रिप्ट्सवर एकदम फिरवला. हॅश आणि उद्गारचिन्ह यांच्या मध्येही स्पेस जाऊन बसला. टर्मिनलमधून हाताने चालवल्या तर स्क्रिप्ट्स बिनबोभाट चालत होत्या, कारण कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) नाकारलेली फाइल शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) स्वतःच चालवून बघतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या शेड्यूलरमधून मात्र एकही चालेना. कमेंटच तर बदलल्या होत्या, त्यामुळे शंका तिकडे जायलाच अर्धा दिवस गेला.

गो भाषेतही असंच. बिल्डची अट सांगणारी ओळ दोन स्लॅशना चिकटून लिहायची असते. मध्ये स्पेस पडला की ती साधी कमेंट होते आणि अट गळून पडते. सीगो (गोमधून सी कोड वापरायची सोय) वापरताना सी कोडची कमेंट इम्पोर्टच्या लगेच वर लागते, मध्ये एक रिकामी ओळही चालत नाही. पायथनमध्ये एन्कोडिंग सांगणारी ओळ पहिल्या दोन ओळींतच असली पाहिजे; वर परवान्याचा मजकूर घुसवला की ती निकामी.

दुसरा गट एका ओळीला बांधलेल्या, तिथला इशारा दाबणाऱ्या सूचनांचा: पायथनमधली ‘नोक्यूए’ किंवा ‘टाइप इग्नोर’, टाइपस्क्रिप्टमधली ‘टीएस-इग्नोर’, ईएसलिंटची ‘डिसेबल-नेक्स्ट-लाइन’, क्लँग-टायडीची ‘नोलिंट’. फॉरमॅटरने लांब ओळ तीन ओळींत मोडली की सूचना त्यांतल्या एकीवर राहते आणि इशारा दुसरीवर येतो. उपाय: सफाईनंतर लिंटर आणि टाइप-चेकर (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारी टूल्स) चालवा, नवे इशारे आले तर आधी ही कमेंट योग्य ओळीवर आहे का ते बघा.

सी आणि सी++ मधल्या स्विचमध्ये (किमतीनुसार एक ‘केस’ निवडणाऱ्या रचनेत), एका केसमधून मुद्दाम पुढच्या केसमध्ये जायचं असेल तर लोक ‘फॉल थ्रू’ अशी कमेंट लिहितात. जीसीसी या कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून त्याबद्दल इशारा देणारा पर्याय आला आणि तो ही कमेंट चक्क वाचतो. पण तिच्या पुढे थेट पुढचा केस यायला हवा. मध्ये दुसरं काही आलं की इशारे सुरू. सी++१७ पासून यासाठी भाषेतच ॲट्रिब्यूट आहे, जमेल तिथे तो वापरावा. मात्र तो बदल या कमिटमध्ये नको.

आणि अशा दोन जागा जिथे इंडेंटेशनमुळे कमेंट ही कमेंटच राहत नाही. मेक या बिल्ड टूलच्या मेकफाइलमध्ये, रेसिपीत (चालवायच्या आज्ञांच्या ओळींत), टॅबने सुरू होणारी हॅशची ओळ मेकसाठी कमेंट नसते. ती शेलकडे जाते आणि पडद्यावर उमटतेही. यामलमध्ये (सेटिंग्ज लिहायच्या फाइल-प्रकारात) उभ्या दंडाने सुरू होणाऱ्या मजकुराच्या आत, त्याच खोलीवर हॅशची ओळ सरकली तर ती त्या मजकुराचाच भाग होते. या दोन प्रकारच्या फाइल्सवर मी सरसकट इंडेंट चालवतच नाही.

ही कमेंट कुणाची?

आता माणसांसाठीच्या कमेंट्स. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जावाही. हे उदाहरण बघा (कोड मुद्दाम मराठीत लिहिलाय):

```
निवड (स्थिती) {
    प्रकरण सुरू:
        जोडणी_कर();
        थांब;
        // जोडणी तुटली असेल तर पुन्हा प्रयत्न नको
    प्रकरण बंद:
        नोंद_कर();
        थांब;
}
```

कमेंट ‘बंद’ या प्रकरणाबद्दल आहे, पण इंडेंटने ती ‘सुरू’च्या शेपटाला लावली. विम या एडिटरचं सी-इंडेंट ओळीची खोली ठरवताना वरच्या ओळींकडे बघतं. खाली नवा केस येणार आहे, याची त्याला फिकीर नसते. कमेंट एक पायरी बाहेर काढून लेबलच्या रेषेत आणली की झालं. पण मला त्याहून पटणारा मार्ग म्हणजे ती लेबलच्या खाली, त्या प्रकरणाच्या आत पहिली ओळ म्हणून न्यायची. तिथे मालकीबद्दल शंका उरत नाही आणि पुढच्या वेळी कुठलंही टूल आलं तरी ती तिथेच राहते.

‘इफ’चा ब्लॉक संपल्यावर आणि ‘एल्स’च्या आधी लिहिलेल्या कमेंटचंही तेच. महिरपी कंस आणि ‘एल्स’ एका ओळीत आणायच्या शैलीत तिला जागाच उरत नाही. ती ‘एल्स’च्या आत घ्या. वाक्यही त्याप्रमाणे जरा बदलावं लागतं: ‘यादी रिकामी नसेल तर क्रम लावायचा’ ऐवजी ‘इथे आलो म्हणजे यादीत काहीतरी आहे’.

पायथनमध्ये गोष्ट आणखी निसरडी. तिथे नुसती कमेंट असलेल्या ओळीचं इंडेंटेशन टोकनायझर (कोडचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) मोजतच नाही, त्यामुळे फंक्शनच्या शेवटी असलेली कमेंट आतल्या लूपची, फंक्शनची की पुढच्या फंक्शनची, हे सांगायला काहीच पुरावा नसतो. अशा वेळी जुनी आवृत्ती शेजारी उघडून तिथे रिकामी ओळ कमेंटच्या वर होती की खाली ते बघा. लिहिणाऱ्याचा हेतू बहुतेकदा त्या रिकाम्या ओळीतच असतो.

पायथनच्या कमेंट्स एकदम डाव्या कडेला जाऊन चिकटत असतील, तर विममधलं स्मार्टइंडेंट बंद करा. ते सी डोळ्यासमोर ठेवून बनवलंय: हॅश म्हणजे प्रीप्रोसेसरची (कंपाइल करण्याआधीच्या टप्प्याची) ओळ, आणि ती पहिल्या कॉलमात, असं ते धरून चालतं. त्याऐवजी त्या भाषेचं स्वतःचं इंडेंट चालू ठेवा. लिस्पमध्ये अशी फेकाफेक झाली तर मात्र तो नियम असतो: ईमॅक्स हा एडिटर एका अर्धविरामाची कमेंट उजवीकडच्या ठरलेल्या कॉलमात नेतो, दोन अर्धविरामांची कोडच्या खोलीवर ठेवतो आणि तीनांची डाव्या कडेला. कमेंट हाताने ओढत बसू नका, अर्धविराम वाढवा.

ताऱ्यांच्या ब्लॉक कमेंट्स

```
        /*
     * आधी कुलूप घ्यायचं, मग रांग वाचायची.
     *   - रांग रिकामी: लगेच परत
     *   - रांग भरलेली: एकच घटक काढायचा
     */
```

ब्लॉक कमेंट म्हणजे टूलच्या दृष्टीने एकच टोकन. साधं टूल त्याची सुरुवात सरकवतं आणि आतल्या ओळींना हात लावत नाही. दुरुस्ती करताना प्रत्येक ओळ एकाच कॉलमात खेचायचा मोह टाळा, कारण आतल्या यादीची खोली त्यात नाहीशी होते. सुरुवातीची ओळ जितकी सरकली तितक्याच स्पेसने बाकीचा अख्खा गठ्ठा सरकवायचा. बहुतेक एडिटर्समध्ये ओळी सिलेक्ट करून टॅब दाबला की एवढं होतं. मग एखाद-दुसरा स्पेस कमी-जास्त करण्यासाठी उभी आयताकृती निवड वापरा. सुरुवातीच्या ओळीतला तारा आणि खालचे सगळे तारे एका उभ्या रेषेत आले की झालं.

चारी बाजूंनी ताऱ्यांची चौकट असलेल्या कमेंट्सबद्दल माझं मत ठाम आहे: उजवी भिंत पाडून टाका. ती प्रत्येक बदलात मोडते आणि कमेंट मराठीत असेल तर ती कधी सरळ नव्हतीच. काना-मात्रा आणि जोडाक्षरं यांची रुंदी टूल एक मोजतं, फाँट दुसरी दाखवतो. चौकट ठेवायचीच असेल तर जीएनयू इंडेंट या सी-च्या फॉरमॅटरला त्याची सोय माहीत आहे. सुरुवातीच्या स्लॅश-ताऱ्याला लागूनच आणखी एक तारा, वजाचिन्ह, बरोबरचिन्ह किंवा अधोरेषा असेल, तर ते त्या कमेंटला चौकट समजतं आणि तिला तशीच ठेवायचा प्रयत्न करतं.

ओळीच्या शेवटच्या टिपा

या विस्कटण्यामागे दहापैकी नऊ वेळा टॅब असतो. लिहिणाऱ्याने आठच्या टॅबवर रांग जुळवलेली असते, तुमचा एडिटर तो चारचा दाखवतो. आधी अदृश्य अक्षरं दिसू द्या: विममध्ये ‘लिस्ट’ चालू करा, टर्मिनलमध्ये ‘कॅट’ला मोठा ‘ए’ द्या. फाइल खरंच आठच्या टॅबवर लिहिलेली असेल तर एक्स्पांड ही टॅबचे स्पेस करणारी आज्ञा तेवढीच रुंदी सांगून, इंडेंट चालवायच्या आधी फिरवावी लागते. नंतर फिरवून उपयोग नाही, तोवर मूळ रांग मोडलेली असते. शिवाय ती स्ट्रिंगमधले टॅबही बदलते, तेवढं तपासा.

मग एकेका टिपेकडे बघून ठरवा. ‘मिलिसेकंदांत’, ‘शून्य म्हणजे अमर्याद’ अशा दोन-तीन शब्दांच्या टिपा ओळीच्या शेवटीच शोभतात. पूर्ण वाक्य असेल तर ते ओळीच्या वर, त्याच खोलीवर न्या. लांब टीप शेवटी ठेवली की फॉरमॅटर ती मोडतो आणि तिचं शेपूट पुढच्या ओळीवर उजवीकडे एकटंच लटकत राहतं.

एकाखाली एक रांग लावायची का? नोंदींच्या तक्त्यासारख्या कोडमध्ये, एनममध्ये, स्ट्रक्चरच्या फील्ड्सना जरूर लावा. वाहत्या लॉजिकमध्ये नको. तिथे एका व्हेरिएबलचं नाव लांबलं की शेजारच्या सहा ओळी डिफमध्ये येतात. रांग न लावता अंतर तेवढं एकसारखं ठेवा: पायथनच्या पेप ८ या शैली-नियमावलीप्रमाणे कोड आणि टीप यांच्यात किमान दोन स्पेस आणि हॅशनंतर एक. गूगलची सी++ शैलीही दोनच स्पेस सांगते, एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाची एक. गो भाषेचा फॉरमॅटर गोफमट स्वतःच रांग लावतो, त्याच्याशी भांडू नका.

मोडलेला मजकूर परत आणणं

आकृत्या, तक्ते, गणिताच्या ओळी, बायनरी फॉरमॅटचे नकाशे हे सगळं रिफ्लोमध्ये, म्हणजे मजकूर नव्याने ओळींत बसवताना, सपाट होतं. हाताने पुन्हा जुळवत बसू नका. जुन्या कमिटमधून तेवढा तुकडा कॉपी करा, योग्य खोलीवर आणा आणि लगेच फॉरमॅटरला ‘इथे हात लावू नको’ सांगणाऱ्या कमेंट्सचं कुंपण घाला: क्लँग-फॉरमॅटसाठी ऑफ आणि ऑनच्या कमेंट्स, ब्लॅकसाठी ‘एफएमटी ऑफ’ आणि ‘एफएमटी ऑन’, प्रेटियरसाठी ‘प्रेटियर-इग्नोर’, जीएनयू इंडेंटसाठी ताऱ्यांमधली ‘इंडेंट-ऑफ’. फाइलभर आकृत्याच असतील तर क्लँग-फॉरमॅटच्या सेटिंगमध्ये ‘रिफ्लो-कमेंट्स’ बंद करणं जास्त सोपं. ब्लॅक कमेंटची लांबी बदलत नाही आणि रस्ट भाषेचा रस्टफमटही सांगितल्याशिवाय कमेंट मोडत नाही, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

एक खास जागा सी-वाल्यांनी तपासावी. दोन स्लॅशच्या कमेंटमध्ये बॅकस्लॅश असलेला फाइलचा पत्ता असेल आणि रिफ्लोने नेमका तो बॅकस्लॅश ओळीच्या शेवटी आणला, तर पुढची ओळ कमेंटमध्ये गिळली जाते. पुढची ओळ कोडची असेल तर तो कोड गेला. जीसीसी त्यावर इशारा देतो, पण इशारे वाचणाऱ्यालाच. त्याच कारणाने अनेक ओळींच्या मॅक्रोमधल्या ब्लॉक कमेंटचं दोन स्लॅशच्या कमेंटमध्ये रूपांतर करू नका. ओळी आधी जोडल्या जातात आणि मग उरलेला मॅक्रो कमेंट ठरतो.

कमेंट करून ठेवलेला जुना कोड? काढून टाका, इतिहासात तो आहेच. धीर होत नसेल तर त्याला निदान इंडेंट तरी करू नका.

काही मोडलं नाही ना

कमेंटच बदलल्या असा दावा असेल तर तो सिद्ध करता येतो. सी-मध्ये दोन्ही आवृत्त्या प्रीप्रोसेसरमधून काढल्या की कमेंट्स गळतात. उरलेल्यात स्पेस आणि ओळक्रमांक सोडून फरक दिसता कामा नये. पायथनमध्ये दोन्हीचा सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचा आराखडा) ओळक्रमांकांशिवाय छापून तुलना करा. मात्र डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेलं वर्णन) ही कमेंट नव्हे, स्ट्रिंग आहे. तिचं इंडेंटेशन बदललं तर फरक दिसणारच. ऑब्जेक्ट फाइल्सची तुलना करणार असाल तर डीबग माहिती बंद ठेवा, आणि तरीही फरक आला तर घाबरायच्या आधी असर्ट (कोड चालताना अट तपासणाऱ्या ओळी) शोधा. ते ओळीचा क्रमांक सोबत नेतात आणि कमेंटची एक ओळ वाढली तरी तो बदलतो.

सफाई कमिट झाली की एक काम उरतं. आता गिट ब्लेममध्ये (ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) बदललेल्या प्रत्येक ओळीवर तुमचं नाव दिसेल. गिट २.२३ मध्ये, ऑगस्ट २०१९ला, यावर उतारा आला: दुर्लक्ष करायच्या कमिट्सचे पूर्ण हॅश (इथे हॅश म्हणजे कमिटची ओळखसंख्या) एका फाइलमध्ये, ओळीला एक असे लिहायचे आणि ब्लेमच्या ‘इग्नोर-रेव्ह्ज-फाइल’ सेटिंगला त्या फाइलचं नाव द्यायचं. यंत्राच्या कमिटचा हॅश त्यात घाला. हाताने केलेल्या सफाईचा घालू नका. उद्या कुणाला ‘ही कमेंट इथून तिथे का नेली?’ असं विचारायचं असेल, तर तुमचं नाव सापडायला हवं.